मारिया, मरीया, मरियम

एकाच आईचे नाव मराठीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. कॅथलिक तिला 'मारिया' म्हणतात. प्रोटेस्टंट मंडळींच्या पवित्र शास्त्रात ती 'मरीया' आहे. आम्हा मुसलमानांच्या तोंडी ती 'मरियम' किंवा अधिक अदबीने 'बीबी मरियम' आहे. काना-वेलांटीचा हा फरक किरकोळ वाटेल, पण त्यामागे पाचशे वर्षांचे भांडण आहे आणि त्या भांडणाशी आमचाही संबंध आहे. तो कसा, हे आम्हाला ग्रंथालयात कळले नाही. ते कळले डहाणू आणि तलासरीच्या रस्त्यावर.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे हे दोन तालुके. डहाणूचा किल्ला एकेकाळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १७३९च्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. पुढे येथे ख्रिस्ती धर्म पुन्हा आला तो दोन निरनिराळ्या वाटांनी. तलासरीत जेझुइट पंथाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी वारली मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह उभे केले. त्या कामाचे नाव 'ज्ञानमाता सदन'. डहाणूत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या 'चर्च ऑफ द ब्रदरन' या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी आले. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाना काढला. हा पंथ मूळचा जर्मनीतला, साधेपणाचा आग्रही. तीनदा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायचा, एकमेकांचे पाय धुवायचे आणि मूर्ती-तसबिरींपासून दूर राहायचे, ही त्याची रीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, त्यात हा पंथही सामील झाला. कॅथलिकांच्या बाजूने १९९८ साली मुंबईपासून वेगळा असा वसईचा धर्मप्रांत झाला आणि हे दोन्ही तालुके त्यात आले. अलीकडे घराघरांत चालणाऱ्या नव्या प्रार्थनामंडळ्यांचीही यात भर पडली आहे.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या कामानिमित्त आम्ही तलासरीकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. ज्या घरी बसलो होतो तेथे दोन जावा भाजी निवडत होत्या. थोरली कॅथलिक. तिच्या गळ्यात मारियेचे लहानसे पदक होते. धाकटी लग्नानंतर प्रार्थनामंडळीत जाऊ लागलेली. बोलता बोलता धाकटी म्हणाली, "जाऊबाय उगाच आईला हाक मारत बसते. ज्याच्या हातात आहे त्या पोरालाच थेट हाक मारावी." थोरली शांतपणे म्हणाली, "पोराकडं काम असलं तर आपण आधी आईलाच सांगतो ना?" दोघी हसल्या. मग धाकटीने आम्हाला विचारले, "चाचा, तुमच्यात मरियम आहे म्हणतात. तुमच्यात कसं करतात?"

आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. ती दोन्ही वाक्ये आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि तीही दर्ग्याच्या पायरीवर. तेथे पीराचे नाव असते, येथे मारियेचे होते, एवढाच फरक. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी मूळ वाद नीट समजून घेऊ, कारण त्याविषयी आपल्यात बरेच गैरसमज आहेत. सर्वांत मोठा गैरसमज असा की ख्रिस्ती लोक मरियमला त्रैक्यातली तिसरी मानतात. सूरह माइदाच्या शेवटाकडे अल्लाह हजरत ईसांना विचारतो, की मला आणि माझ्या आईला दोन खुदा माना असे तू लोकांना सांगितलेस काय? त्या प्रश्नावरून आपल्यातले अनेक जण हा निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. कॅथलिक असो वा प्रोटेस्टंट, कोणतेही चर्च मारियेला त्यात धरत नाही. कुरआनाच्या त्या प्रश्नात इशारा आहे तो मान वाढत वाढत पूजेपर्यंत जाण्याच्या धोक्याचा. ख्रिस्ती धर्माच्या आत प्रोटेस्टंटांनी पुढे हाच इशारा दिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरा गैरसमज असा की प्रोटेस्टंट मारियेला मानत नाहीत. इ.स. ४३१ मध्ये एफिससच्या धर्मपरिषदेने तिला 'देवाची माता' म्हणण्यास मान्यता दिली. तो वाद मुळात येशू कोण, याविषयी होता. जन्माला आलेला येशू देव आणि मानव असा एकच आहे, हे ठसवण्यासाठी ती पदवी होती. मार्टिन ल्यूथरने हे नाकारले नाही. उलट १५२१ साली त्याने मारियेच्या स्तोत्रावर आदराने भाष्य लिहिले. ती आजन्म कुमारी होती, असे ल्यूथर आणि झ्विंग्ली दोघेही मानत. आज बहुसंख्य प्रोटेस्टंट तसे मानत नाहीत, ही नंतरची वाटचाल आहे.

मग भांडण कशावर? एक, तिच्याकडे मागावे की नाही. दुसरे, ज्या गोष्टी बायबलात स्पष्ट लिहिलेल्या नाहीत त्या श्रद्धेचा बंधनकारक भाग म्हणून सांगाव्यात की नाही. ८ डिसेंबर १८५४ रोजी नववे पायस यांनी जाहीर केले की मारिया आईच्या पोटी आली त्या क्षणापासूनच मूळ पापापासून मुक्त होती. १ नोव्हेंबर १९५० रोजी बारावे पायस यांनी जाहीर केले की आयुष्याच्या अखेरीस तिला देहासह स्वर्गात घेतले गेले. प्रोटेस्टंट विचारतात, हे शास्त्रात कोठे आहे? कॅथलिक म्हणतात, शास्त्राबरोबर परंपराही साक्ष देते. आपल्याकडे 'कुरआन आणि सही हदीस दाखवा' विरुद्ध 'बुजुर्गांपासून चालत आले आहे' ही जी लढत चालते, तिचेच हे भावंड.

दोन्हीकडे समजूतदारपणाही दिसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली मारियेविषयी स्वतंत्र दस्तऐवज काढण्याऐवजी चर्चविषयीच्या दस्तऐवजातच तिच्यावर शेवटचे प्रकरण घातले. म्हणजे तिला श्रद्धावंतांच्या वर न बसवता त्यांच्यामध्ये बसवले. २००५ साली अँग्लिकन आणि कॅथलिक यांच्या संयुक्त आयोगाने तिच्याविषयी एक समान निवेदन प्रसिद्ध केले. आणि ४ नोव्हेंबर २०२५ रोजी खुद्द व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने स्पष्ट केले की मारियेला 'सह-तारणकर्ती' ही पदवी लावणे योग्य नाही, कारण त्याने ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीवर सावट येते. पाड्यावरची धाकटी जाऊ जे म्हणत होती, त्याचा काही भाग रोमलाही पटतो, असा याचा अर्थ.

आता आमच्या कामाच्या, म्हणजे शब्दांच्या, बाजूने या वादाकडे पाहू. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मारियेला एका ग्रीक शब्दाने संबोधतो. तो शब्द आहे 'केखारितोमेने'. लॅटिन भाषांतराने त्याचा अर्थ केला 'कृपेने भरलेली'. प्रोटेस्टंट भाषांतरकारांनी केला 'कृपा पावलेली'. मराठीतही हे दोन्ही अर्थ आपापल्या चर्चमध्ये रुळले. भरलेला घडा दुसऱ्याला पाणी देऊ शकतो, म्हणून कॅथलिक तिच्याकडे मागतात. पावलेली व्यक्ती स्वतःच घेणारी असते, आपल्यासारखीच, म्हणून प्रोटेस्टंट तिच्याबरोबर उभे राहून वर पाहतात. व्याकरणाच्या एका रूपावर दोन घराणी उभी आहेत. कॅथलिकांच्या जपमाळेतल्या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्याच शब्दांचा असल्याने त्याला प्रोटेस्टंटांची हरकत नसते. 'आमच्यासाठी विनंती कर' असे जेथे येते, तेथून हरकत सुरू होते.

दुसरा शब्द 'भाऊ'. शुभवर्तमानात येशूच्या भावांचा उल्लेख येतो. आजचे बहुतेक प्रोटेस्टंट म्हणतात, ही मारिया आणि योसेफ यांची नंतरची मुले. कॅथलिक म्हणतात, त्या काळच्या बोलीत चुलत, मावस सर्वांना भाऊच म्हणत. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपण आतेभावाची ओळख करून देतानाही 'हा माझा भाऊ' एवढेच म्हणतो. पण म्हणून कॅथलिकांचा पक्ष सिद्ध होतो असे नाही, कारण सख्ख्यालाही आपण भाऊच म्हणतो. भाषा दोन्ही दारे उघडी ठेवते. कोणत्या दाराने आत जायचे, हे माणसाने आधीच ठरवलेले असते.

तिसरा प्रसंग काना गावच्या लग्नाचा. लग्नघरातला द्राक्षारस संपतो. आई मुलाला तेवढेच सांगते आणि नोकरांना म्हणते की हा सांगेल तसे करा. कॅथलिक येथे मध्यस्थी पाहतात. आईने शब्द टाकला आणि काम झाले. प्रोटेस्टंट तिच्या दुसऱ्या वाक्याकडे बोट दाखवतात, की ती स्वतः लोकांना त्याच्याकडेच पाठवते. येशू तिला उत्तर देताना आई न म्हणता 'बाई' म्हणतो, हेही ते दाखवून देतात. छापील मराठीत 'बाई' या शब्दात अंतर आहे खरे. पण आमच्या या किनाऱ्यावर 'बाय' ही मायेची हाक आहे. लेकीला, बहिणीला, आईलाही ती लागते. समुद्रकाठच्या कानाला जे वाक्य कोरडे वाटणार नाही, ते पुण्याच्या कानाला वाटेल. भाष्यकारांनी भाषांतर करताना बोलीचाही विचार करायला हवा, तो याचसाठी.

मराठी साहित्यात ही दोन घराणी कोणत्या रूपात उतरली, ते पाहणे उद्बोधक आहे. कॅथलिकांच्या बाजूला आहेत थॉमस स्टीफन्स. हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि चाळीस वर्षे तेथेच राहून १६१९ साली वारला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात मारियेला कॅथलिक परंपरेप्रमाणे मानाची जागा आहे. ओवी हे आपल्याकडे जात्यावरच्या बायकांचे आणि संतांचे छंद. त्या छंदात मारिया आली तेव्हा ती परक्या देशाची राहिली नाही. गोव्यात लोक तिला 'सायबीण' म्हणू लागले. या शब्दाच्या मुळाशी आपला अरबी 'साहेब' आहे, हे आमच्या वाचकांना ऐकून बरे वाटेल. पोर्तुगीजांच्या राज्यात, इन्क्विझिशनच्या काळात, ख्रिस्ती आईला जी पदवी मिळाली ती मुसलमानी शब्दातून आलेली. भाषा कोणाच्या हुकमाने चालत नाही.

प्रोटेस्टंटांच्या बाजूला आहेत नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मराठी मिशनमध्ये. १९१९ साली ते गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. टिळकांच्या कवितेत मारियेकडे मागणे नाही, ते असणारही नव्हते. पण आश्चर्य वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. टिळक ख्रिस्तालाच आई म्हणतात, त्याला माउली म्हणून हाक मारतात. वारकरी जसे विठोबाला विठाई करतात, ज्ञानोबांना माउली म्हणतात, त्याच सवयीने या प्रोटेस्टंट कवीने पुत्राच्या ठिकाणी आई पाहिली. आमचे निरीक्षण असे की आईची जी जागा सिद्धान्ताने रिकामी केली, ती कवीने तशी राहू दिली नाही. मारियेला बाजूला सारले तरी माणसाला लागणारी माया कोठेतरी ठेवावीच लागते. टिळकांनी ती ख्रिस्तात ठेवली.

डहाणू-तलासरीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. वारल्यांच्या जगात आई आधीपासूनच होती. धान्याची कणसरी आहे. लग्नाच्या वेळी सवासिनी भिंतीवर चौक काढतात, त्याच्या मधोमध पालघट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणते आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे वारली चित्रकला जगभर गेली, पण तिचे मूळ बायकांनी काढलेल्या या चौकात आहे. डहाणू तालुक्यात विवळवेढ्याला महालक्ष्मीचे देऊळ आहे. चैत्री पौर्णिमेपासून तेथे मोठी जत्रा भरते. अशा मुलखात 'ज्ञानमाता' नावाची शाळा निघते तेव्हा पाटी वाचणाऱ्या पोराला लॅटिन परंपरेत मारियेला प्रज्ञेचे आसन म्हटले आहे, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला पाटीवर आई दिसते, आणि ते पुरते.

प्रोटेस्टंटांना भीती वाटते ती नेमकी येथेच. त्यांचे म्हणणे असे की जुन्या देवीवर नवी ओढणी घातली तर माणूस जेथल्या तेथेच राहतो. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तौहीदवर श्रद्धा असलेल्या माणसाला ते लगेच समजते. पण कॅथलिकांचे उत्तरही ऐकायला हवे. ते म्हणतात, माणूस कोऱ्या पाटीने येत नाही. त्याने आईला ज्या शब्दांनी ओळखले, त्याच शब्दांनी त्याला पुढे नेता येते. वांद्र्याच्या डोंगरावरच्या मारियेला कोळी 'मोत माउली' म्हणतात आणि सप्टेंबरच्या जत्रेला सर्व धर्मांचे लोक जातात. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी मारियेची नोव्हेना होते. त्या रांगेत आमच्या बुरखेवाल्या बायकाही असतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांना कोणी सिद्धान्त विचारत नाही आणि त्याही कोणाला सांगत नाहीत.

त्याच माहीममध्ये मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे विद्वान, कुरआनाचे भाष्यकार. पण लोकांच्या तोंडी त्यांच्या तफसीरपेक्षा एक गोष्ट अधिक आहे. रात्री आईने पाणी मागितले, मुलगा पाणी घेऊन येईपर्यंत तिला झोप लागली, आणि ती जागी होईपर्यंत तो वाडगा हातात धरून उभा राहिला. आईने दुवा दिली आणि मुलगा वली झाला. दर्ग्यात त्यांच्या शेजारी आईचीही कबर आहे. लोक दोघांना फातिहा देतात. तेव्हा आईच्या वाटेने मुलापर्यंत जायची सवय केवळ कॅथलिकांची, असे आपण म्हणू नये.

येथे आमच्या घरातल्या भांडणाकडे यावे लागते. वसीला जायज की नाजायज, या प्रश्नावर आपल्या वस्त्यांत मशिदी वेगळ्या झाल्या आहेत. एका बाजूने 'कबरपूजक' आणि दुसऱ्या बाजूने 'गुस्ताख' हे शब्द फेकले जातात. लग्नसंबंध अडतात. एकाच घरातले दोन भाऊ एका इमामामागे उभे राहत नाहीत. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही, कारण तो आपल्या सर्वांचा अनुभव आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांनी युरोपात याच कारणांनी एकमेकांचे रक्त सांडले, प्रतिमा फोडल्या, माणसे जाळली. आज त्यांचे आयोग एकत्र बसून निवेदने काढतात. एकत्र बसायला त्यांना साडेचारशे वर्षे लागली. आपणही तेवढीच वाट पाहायची काय?

खरे तर आपल्याकडे त्यांच्यापेक्षा एक सोय अधिक आहे. कॅथलिक धर्मशास्त्रात देवाला द्यायची उपासना, संतांना द्यायचा मान आणि मारियेला द्यायचा विशेष मान यांना तीन वेगळे लॅटिन शब्द आहेत. मराठीत येताना ते तिन्ही 'भक्ती' या एकाच शब्दात विरघळतात आणि प्रोटेस्टंटांचा संशय बळावतो. आपल्या बोलीत मात्र 'इबादत' आणि 'ताजीम' हे दोन शब्द अजून जिवंत आहेत. आपली आजीही त्यांची गल्लत करत नसे. वाद घालणाऱ्यांनी आधी हे दोन शब्द नीट वापरले तरी निम्मी कटुता कमी होईल.

आता मरियमकडे. संपूर्ण कुरआनात नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे. एक सूरह तिच्या नावाची आहे. हजरत ईसांना कुरआन वारंवार 'इब्ने मरियम' म्हणतो, म्हणजे मुलाची ओळख आईच्या नावाने. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला, तेव्हा आपल्यातल्या काहींनी भुवया उंचावल्या. त्यांना ही आठवण द्यावीशी वाटते. कॉर्डोव्याचे इब्न हज्म आणि नंतरचे कुर्तुबी यांनी तर मरियमला नबी मानले. बहुसंख्य उलेमांनी ते मान्य केले नाही, पण हा प्रश्न विचारण्याची मोकळीक त्या काळी होती.

सूरह मरियममधली आई या वादात कोठे उभी आहे? ती कुमारी आहे, निवडलेली आहे, पवित्र आहे. इथपर्यंत कॅथलिकाला समाधान वाटेल. पण ती खुदाची बंदी आहे. ती आणि तिचा मुलगा दोघेही अन्न खात असत, असे कुरआन मुद्दाम सांगतो. येथे प्रोटेस्टंटाला समाधान वाटेल. आणि तिसरी गोष्ट दोघांहून वेगळी आहे. कॅथलिक परंपरा मारियेचे बाळंतपण वेदनारहित मानत आली. कुरआनातली मरियम मात्र एकटी आहे, कळांनी खजुराच्या बुंध्यापाशी आली आहे आणि याआधीच मेले असते तर बरे झाले असते, असे म्हणते. मग खालून आवाज येतो, झऱ्याचे पाणी आणि पिकलेला खजूर मिळतो. तलासरीच्या माळावर खजुरी जागोजाग आहेत. दवाखाना लांब, वाहन नाही आणि कळा सुरू झालेल्या, अशा प्रसंगातून येथल्या कितीतरी बायका गेल्या आहेत. त्यांना ही मरियम समजावून सांगावी लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. कुरआनात 'अर्रहमान' हे नाव सर्वांत अधिक वेळा ज्या सूरहमध्ये येते, ती सूरह मरियम. तेथे ते सोळा वेळा आले आहे. देवदूत समोर आला तेव्हा मरियम पनाह मागते ती रहमानची. मौनाचे व्रत धरते तेही रहमानसाठी. रहमान या शब्दाचे धातू तेच, जे अरबीत आईच्या गर्भाशयाला म्हणतात त्या 'रहिम'चे. हदीसमध्ये येते की कैद्यांतली एक स्त्री आपले हरवलेले मूल सापडल्यावर त्याला छातीशी धरते, आणि पैगंबर (स.) म्हणतात की अल्लाह आपल्या बंद्यांवर या आईहूनही अधिक दयाळू आहे.

येथे आम्हाला या सगळ्या वादाची किल्ली सापडल्यासारखे वाटते. तिन्ही घराण्यांना आईची माया हवी आहे. कॅथलिकांनी ती देवाच्या शेजारी एका आईच्या हाती ठेवली. टिळकांसारख्या मराठी प्रोटेस्टंटांनी ती ख्रिस्तात ठेवली. आपल्याकडे ती खुद्द खुदाच्या नावात आहे. 'बिस्मिल्लाह' म्हणताना आपण दिवसातून अनेकदा ती उच्चारतो आणि ऐकत मात्र नाही. आपण रहमानला केवळ हिशेब मागणारा मालिक करून टाकले, तेव्हा आपल्या आया-बहिणी मायेच्या शोधात दर्ग्यावर आणि बुधवारच्या नोव्हेनाला गेल्या. त्यांना शिर्काचे फतवे ऐकवण्याआधी मिंबरवरून रहमतची गोष्ट किती वेळा सांगितली, हे आपण स्वतःला विचारावे.

आमची तक्रार लिहिणाऱ्यांकडेही आहे, आणि त्यात आम्ही स्वतः आलो. मराठीत मारिया ओवीतून आली, कवितेतून आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल'मधून ती सर्व मराठी वाचकांच्या घरी नेली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि २०२४ साली ते गेले. मुस्लिम मराठी लेखकांच्या कथा-कवितांत मरियम आम्हाला क्वचितच भेटते. तलाक, गरिबी, दंगल, ओळख हे विषय आम्ही लिहिले, लिहायलाच हवे होते. पण खजुराखाली एकटी बाळंत झालेली आणि गावाचे बोल ऐकत मूल घेऊन परत आलेली स्त्री आमच्या धर्मग्रंथाच्या मध्यभागी असताना तिच्यावर मराठीत लिहावेसे आम्हाला फारसे वाटले नाही. लोक तिला काय म्हणाले असतील, हे आपल्या मोहल्ल्यात राहणाऱ्या कोणालाही सुचेल. हबशाच्या ख्रिस्ती राजापुढे जाफर बिन अबी तालिबांनी याच सूरहची तिलावत केली आणि राजाच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्या पहिल्या मुहाजिरांना आसरा मिळाला तो या आईच्या गोष्टीवर.

तेव्हा त्या पाड्यावरच्या धाकटीला आमचे उत्तर असे. बाय, आमच्यात मरियमकडे मागत नाहीत. ती ज्याच्याकडे मागत होती त्याच्याकडे मागतात. या बाबतीत तू म्हणतेस ते आम्हाला जवळचे आहे. पण तुझ्या जाऊबाईला आम्ही चूक म्हणणार नाही. आमच्या आईने पोराच्या तापात दर्ग्यावर चिराग लावला होता, आणि तिच्या ईमानाविषयी आम्हाला कधी शंका आली नाही. तुम्ही दोघी एका चुलीवर रांधता आणि हसत हसत हा वाद घालता. आमच्याकडे दोन मशिदींतल्या माणसांना अजून ते जमलेले नाही. पुढच्या खेपेला येऊ तेव्हा सूरह मरियमचा मराठी तर्जुमा घेऊन येऊ. थोरलीला वाचता येत असेल तर तिने वाचावे, तू ऐकावेस. नंतर तुम्ही दोघींनी आम्हाला सांगावे, की ही मरियम कोणासारखी वाटते.